सदतिसावा प्रश्न

चुकीची उत्तरं बनवणं हा ज्याचा पोटापाण्याचा उद्योग आहे, असा माणूस सहसा कुणाला भेटत नाही. चकवेकाका अकरा वर्षं तेच करत होते.

डॉक्टर आणि इंजिनियर होण्याच्या प्रवेश परीक्षांची तयारी करून घेणारा एक क्लास होता. तीन मजली, जिन्यात कायम चपलाबुटांचा ढीग. दर रविवारी तिथे दोनशे प्रश्नांची सराव परीक्षा व्हायची. प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय. त्यातला जो बरोबर, त्याचा गोळा काळा करायचा. शिकवणारे सर प्रश्न आणि त्याचं खरं उत्तर कागदावर खरडून काकांच्या टेबलावर टाकून जायचे. उरलेले तीन खोटे पर्याय काकांनी तयार करायचे. एवढंच काम. पण ते त्यांच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमायचं नाही.

त्याआधी सव्वीस वर्षं ते एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. शिकवायचा त्यांना अधिकार नव्हता. स्प्रिंगा, लोलक, भिंगं पुसून मांडायची आणि मुलांचं झालं की परत कपाटात ठेवायची. मधल्या वेळात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत राहायचं. बघता बघता त्यांना एक गोष्ट पाठ झाली, ती म्हणजे मुलं नेमकी कुठे चुकतात. कुणी सेंटिमीटरचे मीटर करायला विसरतो, कुणी वर्ग करायला, कुणी सूत्रातला अर्धा गाळतो. दरवर्षी मुलं नवी, चुका त्याच. काकांनी त्या सगळ्या एका वहीत उतरवून ठेवल्या होत्या. निवृत्त झाल्यावर क्लासच्या संचालकांनी त्यांना बोलावलं ते त्या वहीसकट.

"खोटा पर्याय उगाच ठोकून द्यायचा नसतो," कुणी विचारलंच तर ते सांगायचे. "जो अर्धा विसरला, त्याला त्याचं उत्तर तिथे वाट बघत उभं दिसलं पाहिजे."

मुलं परीक्षेतून बाहेर आली की कपाळावर हात मारून म्हणायची, "काकांनी चकवलं!" तेच नाव पुढे चिकटलं. काकांना ते आवडायचं. आयुष्यात कधी वर्गासमोर उभं राहायला मिळालं नाही, पण दीडशे मुलांच्या तोंडी आपलं नाव आहे, एवढ्यावर ते समाधानी होते.

त्यांना एकच मुलगी. जन्मली तेव्हा अशी काही ओरडली की सुईणीने कानावर हात ठेवले, म्हणून घरात तिचं नाव टिटवी पडलं. तिची आई दवाखान्यात चादरी आणि रुग्णांच्या कपड्यांच्या खोलीत कामाला होती. शाळा सुटली की टिटवी तिथे जाऊन घड्या घातलेल्या चादरींच्या थप्पीवर बसायची आणि डाग बघून विचारायची, "आई, ही चादर ज्याची होती, तो बरा झाला का गं?" आईला कसं माहीत असणार? "मला डॉक्टर होऊन आत जायचंय," टिटवी म्हणायची. "म्हणजे कळेल." लहानपणी मुलं असं बोलतात आणि विसरतात. ही विसरली नाही.

चौदाव्या वर्षापासून ती वडिलांच्या कामाला लागली होती. छापायला जायच्या आधी पर्याय एकदा मोठ्याने वाचून तपासावे लागत. रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघरात जमिनीवर फतकल मारून बसायची आणि वाचायची, "एक, तीन पूर्णांक दोन. दोन, सहा पूर्णांक चार. तीन..." आणि काका समोर मूळ कागदावर बोट फिरवत "हूं, हूं" करायचे. पुढे ती स्वतःच त्या क्लासात बसली; तेव्हापासून तिच्या तुकडीचे पेपर सोडून दुसऱ्या तुकड्यांचेच काका तिच्या हाती द्यायचे. सराव परीक्षेत दोनशेपैकी एकशे अडुसष्ट, एकशे सत्तर. क्लासच्या फळ्यावर तिचं नाव पहिल्या तिघांत कायम.

आणि खऱ्या परीक्षेत शहाण्णव.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. दोनशेच्या दोनशे गोळे काळे करून आली होती, चुकलेल्यांचे गुण कापले गेले ते वेगळेच. सगळे म्हणाले, घाबरली पोर. घाबरली होती म्हणून तर घरून निघताना डॉक्टरांनी दिलेली अर्धी गोळी घेऊन गेली होती. निकालानंतर दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी उठली आणि म्हणाली, "मी भित्री आहे. पण दुसऱ्यांदा नाही भिणार. आणि दुसऱ्यांदाही नाही झालं, तर या परीक्षेचं नाव या घरात कुणी काढायचं नाही. मीही नाही." टिटवी एकदा बोलली की बोलली, हे आईबापांना माहीत होतं.

दुसऱ्या परीक्षेला तेवीस दिवस उरले असताना ते घडलं.

त्या रविवारच्या पेपरात छापखान्याने घोळ घातला. सदतिसाव्या प्रश्नाच्या ओळीच उमटल्या नाहीत. नुसता आकडा, आणि खाली चार पर्याय: छत्तीस, नव्वद, अठरा, एक लाख ऐंशी हजार. परीक्षा सुरू होऊन बराच वेळ गेल्यावर कुणीतरी हात वर केला. देखरेख करणाऱ्या सरांनी त्याच्याजवळ जाऊन हळूच सांगितलं, सोडून दे आणि पुढे चल. सोमवारी संचालकांनी काकांना उत्तरपत्रिका चाळायला बसवलं: किती जणांचा त्यात वेळ गेला ते बघा.

बहुतेकांनी जागा कोरी सोडली होती. काहींनी काहीतरी ठोकलं होतं. टिटवीने तिसरा गोळा काळा केला होता, अठराचा, व्यवस्थित, कडेपर्यंत भरून. काकांना हसू आलं. आंधळेपणाने मारलेला दगड बरोबर लागला म्हणायचा.

संध्याकाळी जेवताना त्यांनी सहज विचारलं, "टिटवे, सदतिसाव्याचं काय केलंस गं?"

"कुठला सदतिसावा?"

"छत्तीस, नव्वद, अठरा, एक लाख ऐंशी हजार."

"अठरा," ती घास चावत म्हणाली. "सोपा होता."

"प्रश्न काय होता?"

ती थांबली. डोळे बारीक करून आठवायला लागली. "लक्षात नाही बाबा. पण अठराच. दुसरं काय असणार?"

"का?"

"अहो बाबा! अठरा दुणे छत्तीस. अठरा पंचे नव्वद. आणि ते लाखवालं म्हणजे अठराच्या डोक्यावर शून्यांची टोपली. सगळे अठराचेच नातेवाईक. घरातला कर्ता कोण, हे कळायला अख्खा प्रश्न कशाला वाचायचा?"

आई खळखळून हसली. काकांचा घास हातातच राहिला.

"तो प्रश्न छापलाच नव्हता," ते म्हणाले.

"हो?" टिटवी म्हणाली. "मग तर कमालच की माझी!"

सकाळी त्यांनी वही काढली आणि जुन्या पेपरांतले तीस प्रश्न निवडले, काही भौतिकशास्त्राचे, काही रसायनाचे, काही जीवशास्त्राचे. एका कागदावर नुसते पर्याय उतरवले, प्रश्न नाहीतच. "जरा गंमत करू," ते म्हणाले. गंमत शब्द त्यांच्या तोंडून नीट निघालासुद्धा नाही.

टिटवीने सहा मिनिटांत कागद परत दिला. तीसपैकी सव्वीस बरोबर.

"बघा! चारच चुकले," ती टाळी वाजवून म्हणाली. "जीवशास्त्रात सोपंच असतं तुमचं. दोन पर्याय जुळे असतात, एका शब्दाचा फरक, आणि खरा त्या दोघांतला. ज्यात 'कधीच' किंवा 'नेहमी' आलं, तो गेला."

काकांनी दुसरा कागद पुढे केला. त्यावर तेच तीस प्रश्न होते, पण आता पर्याय नव्हते. उत्तर आपलं आपण काढून लिहायचं.

ती तासभर बसली होती. पेनाचं टोपण चावून चावून चपटं केलं. काका खिडकीशी पाठमोरे उभे राहिले. मागे नुसता कागद खोडल्याचा आवाज.

नऊ.

टिटवी म्हणाली, "बाबा, म्हणजे गेल्या वर्षी मी घाबरले नव्हते."

"नाही गं."

"उगाच गोळी खाल्ली."

"हो."

"म्हणजे मी भित्री नाही." ती हसायला लागली आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. "ढ आहे."

काकांना जवळ जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. तो हातच उचलेना. पाच वर्षं रोज संध्याकाळी या पोरीने त्यांच्यासमोर बसून त्यांचे हजारो चकवे मोठ्याने वाचले होते. त्यांची प्रत्येक सवय तिच्या कानात मुरली होती, तिच्याही नकळत. तिला विषय पाठ नव्हता. बाप पाठ होता. आणि खऱ्या परीक्षेत बाप नसतो.

"अहो, तुमच्या पुढ्यात बसून वाचत होती ना?" बायको नंतर हळूच म्हणाली. रागाने नाही, खरंच समजून घ्यायला. "इतकी वर्षं. तुम्हाला कसं दिसलं नाही?"

"मला चुकणारी मुलं दिसतात गं," काका म्हणाले. "बरोबर येणाऱ्याकडे मी कधी बघितलंच नाही."

दुसऱ्या दिवशी ते क्लासात गेले तेव्हा त्यांनी सदतिसाव्या प्रश्नाच्या उत्तरपत्रिका पुन्हा काढल्या. टिटवी सोडून अठराचा गोळा काळा करणारी अकरा मुलं होती. त्यातली नऊ दुसऱ्यांदा परीक्षेला बसणारी. म्हणजे जो त्यांच्या हाताखालून जास्त दिवस गेला, तो जास्त बिघडला. ते तसेच संचालकांच्या खोलीत गेले.

संचालक मोठ्याने हसणारा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, मुलांचे मार्क वाढतायत ही तक्रार घेऊन आलेले तुम्ही पहिलेच."

"मार्क खोटे आहेत सर."

"आणि आता मी काय करू? वीस दिवसांवर परीक्षा आली. दीडशे घरी जाऊन सांगू, तुमचं पोर हुशार नाही, आमचे काका एकसुरी आहेत?"

काका उभेच होते. "निदान राहिलेले पेपर दुसऱ्या कुणाकडून तरी..."

"कुणाकडून? आहे कोण दुसरं?" मग संचालकांचा आवाज मऊ झाला. "सुट्टी घ्या. पोरीकडे बघा. परीक्षा झाली की बोलू."

जिना उतरताना काका चपलांच्या ढिगाशी थांबले. घरी येऊन त्यांनी बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि बोटभर रुंदीच्या दहा पट्ट्या तयार केल्या. पर्यायांवर पट्टी ठेवायची, प्रश्न सोडवायचा, उत्तर लिहायचं आणि मगच पट्टी उचलायची. नऊ पट्ट्या घेऊन संध्याकाळी ते परत जिन्यात जाऊन उभे राहिले. चारचौघांत बोलायची सवय नव्हती. त्या नऊ जणांना बाजूला घेऊन त्यांनी कसंबसं सांगितलं. दोघं हसली. एक म्हणाला, "काका, हा नवा चकवा का?" सहा जणांनी पट्टी घेतली. त्यातल्या किती जणांनी वापरली, हे त्यांना कधी कळलं नाही.

दहावी पट्टी टिटवीची.

मग ते दिवस सुरू झाले. पहाटे उठून चहा झाला की टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला काका. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "सगळं होणार नाही. अर्धा अभ्यासक्रम सोडून द्यायचा. जे येईल ते खरं येऊ दे." हे सांगताना त्यांना माहीत होतं, अर्ध्यावर प्रवेश मिळत नाही. तिलाही माहीत होतं.

तीसपैकी नऊ. मग अकरा. मग दहा. मग तेरा. आणखी चार दिवसांनीही तेरा. स्वयंपाकघरातून आई रोज आकडा विचारायची, पुढे पुढे तिने विचारणं सोडलं, नुसती काकांच्या चेहऱ्याकडे बघून चहाचे कप उचलायला लागली.

दहाव्या दिवशी टिटवीने पट्टी भिरकावली. ती कपाटाखाली गेली.

"नाही होत मला! डोकं प्रश्नाकडे जातच नाही. पट्टीखाली नातेवाईक बसलेत, हेच डोक्यात. सोडा ना बाबा. जुनंच करते. निदान अंदाज तरी चांगला लागेल."

"तिथले पर्याय मी बनवत नाही गं."

"मग कोण बनवतं? त्यांचीही काही सवय असेल की! ती शोधू."

खरं सांगायचं तर त्यांच्याही मनात ते येऊन गेलं होतं. आदल्या दुपारी त्यांनी खऱ्या परीक्षेचे जुने पेपर चोरून चाळले होते, त्या अनोळखी माणसाची खोड सापडते का बघायला. तिथे एक माणूस नव्हताच. दरवर्षी वेगळा हात.

"बघितलं मी," ते शेवटी म्हणाले. "नाही सापडत."

टिटवी त्यांच्याकडे बघतच राहिली. आपला सरळ बापही इथवर येऊन पोचला, हे तिला दिसलं असावं. ती खाली वाकली आणि कपाटाखालून पट्टी काढून, ड्रेसला पुसून परत कागदावर ठेवली.

शेवटच्या आठवड्यात तीसपैकी अठरा येऊ लागले. अठरा आकडा बघून दोघांनाही विचित्र वाटलं. हसू मात्र आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी तिने गोळी घेतली नाही. दारावर झडती घेणाऱ्या बाईंनी पुठ्ठ्याची पट्टी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली. टिटवीने मागे वळून वडिलांकडे पाहिलं. फाटकाबाहेरून काकांनी डावा हात वर करून कागदावर पालथा ठेवल्यासारखा केला. तिला कळलं असेल की नाही, कोण जाणे. दार बंद झालं.

तीन तास काका समोरच्या भिंतीच्या सावलीत उभे होते. शेजारचे आईबाप एकमेकांना आपापल्या मुलांचे सराव परीक्षेतले मार्क सांगत होते. कुणीतरी काकांना विचारलं, "तुमच्या मुलीचे किती?" काका म्हणाले, "तीसपैकी अठरा." तो माणूस जरा सरकून उभा राहिला.

टिटवी बाहेर आली. तिचा डावा तळहात मनगटापर्यंत काळपट झाला होता. घामाने छपाईची शाई उतरली होती.

"किती सोडवले?" काकांनी विचारलं.

"एकशे बारा."

"आणि बाकीचे?"

"कोरे ठेवले. येत नव्हते." मग चालता चालता म्हणाली, "तुम्ही कुठेच नव्हतात, बाबा. सगळे अनोळखी."

प्रवेशाला साधारण दीडशे लागतात. हिशेब रस्त्यावरच झाला होता.

महिन्याने निकाल लागला. एकशे बारापैकी एकशे तीन बरोबर. गुणवत्ता यादी जिथे संपली, तिथून ती कितीतरी खाली होती. आई पदर तोंडाला लावून आत गेली. टिटवी या वेळी भिंतीकडे तोंड करून झोपली नाही. तेच काकांना जास्त लागलं. दुसऱ्या आठवड्यात ती आईबरोबर दवाखान्यात जायला लागली, चादरींच्या खोलीत, घड्या घालायला. ठरल्याप्रमाणे परीक्षेचं नाव घरात कुणी काढलं नाही. पुस्तकं पलंगाखाली गेली.

संचालकांनी परत बोलावलं. नवीन वर्षाची मुलं आली होती. काकांनी सांगितलं, आता पर्याय एकट्याने बनवणार नाही, दोन-तीन जण तरी लागतील. संचालक "बघू" म्हणाले आणि तोवर म्हणून एक गठ्ठा हातात दिला. नाही म्हणणं काकांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. ते गठ्ठा घेऊन घरी आले आणि टेबलाशी बसून राहिले. वही उघडी, पेन उघडं. एकही खोटं उत्तर लिहिता येईना. प्रत्येक चुकीच्या आकड्यामागे एक मूल उभं दिसायचं.

एका संध्याकाळी टिटवी कामावरून आली, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. कितीतरी दिवसांत ती त्या टेबलाजवळ आली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "तो सदतिसावा प्रश्न होता तरी काय?"

काकांनी मान वर केली. "कशाला आता?"

"असंच. उत्तर माहीत आहे, प्रश्नच माहीत नाही. दिवसभर घड्या घालताना तेच डोक्यात येतं."

काकांना तो पाठ होता. "एक स्प्रिंग वीस सेंटिमीटर दाबली. तिचा स्थिरांक मीटरला नऊशे न्यूटन. तिच्यात ऊर्जा किती साठली?"

ती जमिनीवर तिच्या जुन्या जागी बसली. गठ्ठ्यातल्या एका कागदाची पाठ घेतली. लिहू लागली, अक्षर मोठं मोठं काढत. वीस सेंटिमीटरचे मीटर केले. वर्ग केला. गुणलं. स्वयंपाकघरात भांडी लावणारी आई थांबली.

"छत्तीस," टिटवी म्हणाली.

काकांनी झटकन मान वळवून भिंतीकडे पाहिलं. हे पोरगं आपला चेहरा वाचतं, हे त्यांना आता चांगलं माहीत होतं.

"तोंड का फिरवलंत?"

"काही नाही."

"अठरा यायला हवं होतं ना?" तिने कागदावर परत पेन टेकवलं, पण उत्तर खोडलं नाही. अठरा कुठून येतं, ते वरच्या ओळीपासून शोधत आली. मधेच थांबली. ओठ दाताखाली धरला. "अर्धा. सूत्रातला अर्धा गाळला मी." तिने अर्धा लिहिला, खाली अठरा काढला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. मग कागद हातात धरून बसून राहिली. "चकवलंत की हो बाबा."

काका भिंतीकडेच बघत होते. चष्मा काढून ते शर्टाच्या टोकाला पुसू लागले, बराच वेळ. पाच वर्षांत ती त्यांच्या चकव्यात पहिल्यांदाच सापडली होती.

पुढच्या वर्षीचा अर्ज भरायचा की नाही, हे ती बोलली नाही. त्यांनीही विचारलं नाही. उशीर तर सगळ्यालाच झाला होता.

टिटवीने कागद उलटा केला, पाय पोटाशी घेतले आणि म्हणाली, "अडतिसावा सांगा."